जुन्या रॅमशेजारी नवी रॅम बसवताना

रॅम वाढवायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी एकच विचारतो, "कंपनी वेगळी असली तर चालतंय काय ओ?" चालतंय. कंपनी ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट. रॅमच्या पट्टीवरच्या, म्हणजे स्टिकवरच्या, काळ्या चिप जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. खोक्यावर आपण जी बाकीची नावं वाचतो, त्यातली बरीचशी मंडळी या तिघांकडून चिप घेऊन स्टिक तयार करतात. त्यामुळं नाव एकच पण आतल्या चिप वेगळ्या, किंवा नावं दोन पण चिप त्याच, हे दोन्ही रोज बघायला मिळतं. एक मॉडेल आज घेतलं आणि तेच पुढच्या वर्षी मागवलं, तरी आत दुसऱ्याच चिप निघू शकतात.

बघायचं असतं ते लेबल. ते काय बघून वाचायचं आणि कुठली गोष्ट आधी तपासायची, ते सांगतो.

माझं दुकान बेळगावात, शहापूरला. गिऱ्हाईक म्हणजे लग्नपत्रिका आणि पावती-पुस्तकं करणारे डीटीपीवाले, उद्यमबागेतल्या फौंड्री नि मशीनशॉपमध्ये ड्रॉइंग काढणारे, कॉलेजची पोरं, आणि बेंगळूरच्या कंपन्यांनी काढून टाकलेले ऑफिसचे डबे (कॉम्प्युटर) सेकंडहँड घेतलेले लोक. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की "जुनी काढून टाका, दोन नव्या जोडीनं घाला" असं म्हणायला माझीच जीभ रेटत नाही. आहे ती ठेवायची आणि शेजारी दुसरी घालायची, हाच बहुतेकांचा हिशोब. तो चुकीचा नाही. फक्त डोळे उघडे ठेवून करायचा.

आधी मशीन, मग बाजार

रॅम आणायच्या आधी मशीनमध्ये काय आहे ते बघा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलात की एकूण किती, कुठल्या स्पीडला चाललीय आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. पण ते पुरेसं नाही. सीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या एसपीडी या पानावर एकेक स्लॉट निवडून त्यातल्या स्टिकची कुंडली वाचता येते: बनवणारा कोण, पार्ट नंबर काय, रँक किती (म्हणजे काय ते पुढं येतंय), कुठल्या स्पीडला कुठलं टायमिंग, म्हणजे माल द्यायला किती उशीर. प्रत्येक स्टिकवर एक बारकी चिप असते, तिच्यात हे सगळं लिहून ठेवलेलं असतं. मशीन चालू होताना मदरबोर्डही तेच वाचतो आणि दोन्ही स्टिकना झेपेल असा मधला मार्ग काढतो. मिक्स रॅम चालते ती या वाचनावर.

सीपीयू-झेडच्या मेमरी पानावर आकडा निम्मा दिसतो. २४०० ची रॅम असेल तर तिथं १२०० च्या आसपास लिहिलेलं येतं. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा माल हलवणारी मेमरी, म्हणून ठोके १२०० आणि माल २४००. हा निम्मा आकडा बघून "मला फसवलास काय" म्हणून भांडायला आलेले लोक मी समजावून परत पाठवलेत.

त्यातूनही शक्य असेल तर डबा उघडून जुन्या स्टिकच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढा आणि दुकानात तो दाखवा. निपाणीकडची माणसं कोल्हापूर जवळ पडतं म्हणून तिकडून रॅम आणतात, खानापूरची इकडं येतात. कुठूनही आणा, फोटो जवळ असला की एक फेरी वाचते.

पहिली चाळणी: जात जुळली पाहिजे

डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या तीन वेगळ्या जाती. यांचं मिश्रण होत नाही, विषय संपला. डेस्कटॉपच्या डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ ला २८८. पिना सारख्या असल्या तरी या दोघींची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका. लावणारे आहेत, म्हणून सांगतोय. लॅपटॉपची स्टिक आखूड: डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२ पिना.

प्रोसेसरची पिढी सांगून रॅमची जात कळेलच असं नाही. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीला डीडीआर४ चालते तशी डीडीआर३एल पण चालते, त्यामुळं काही बोर्डांवर या स्लॉट दिसतात, काहींवर त्या. बाराव्या पिढीपासून तसाच घोळ डीडीआर४ आणि डीडीआर५ चा आहे. "माझा आय५ बारावी पिढी, त्याची रॅम द्या" एवढ्यावर कुणी रॅम देत असेल तर घेऊ नका.

लॅपटॉपमध्ये डीडीआर३ घेताना "एल" अक्षराकडं खास लक्ष. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ वर. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ चीच लागते. साधी स्टिक खाचेत नीट बसते, क्लिपही लागते, पण स्क्रीन काळी ती काळीच. उलटं मात्र चालतं: डीडीआर३एल स्टिक दीड व्होल्टही सोसते, म्हणून जुन्या डेस्कटॉपमध्ये डीडीआर३ शेजारी डीडीआर३एल घातली तर दोघी दीडवर चालतात. लेबलवर पीसी३ आणि पीसी३एल असा फरक छापलेला असतो. त्या एका "एल"साठी लोक परत फेऱ्या मारतात.

लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक बघावं, स्लॉट आहे का. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डाग दिलेली असते. एलपीडीडीआर असं काही दिसलं तर बहुतेक विषय तिथंच थांबतो. काहींत ४ किंवा ८ जीबी बोर्डवर आणि एक स्लॉट मोकळा असतो. तिथं तुम्ही घालाल ती स्टिक मिक्सच होणार, दुसरा इलाजच नाही, आणि कंपनीनंही ते धरूनच बोर्ड काढलेला असतो.

दुसरी चाळणी: लेबलावरची ओळ

आता एक खरी जोडी घेऊ. वडगावच्या एका डीटीपीवाल्याचं मशीन: इंटेलचा आय५ सातव्या पिढीचा, बोर्डवर दोनच स्लॉट, एकात जुनी ४ जीबीची स्टिक. एका बाजूला कोरल हे डिझाईनचं सॉफ्टवेअर, दुसरीकडं मराठीचे आणि कन्नडचे दोन्ही फाँट, ब्राउझरमध्ये गिऱ्हाइकाचं व्हॉट्सॅप. गणपतीच्या आधी मशीन रांगायला लागलं. घरात पडलेली ८ जीबीची दुसरी स्टिक घेऊन आला आणि म्हणाला, "रॅम आणलोय, खरं दोन्हींचा स्पीड वेगळा आहे म्हणतंय पोरगं. जळंल काय?"

जुनीवर लिहिलेलं, सगळं देवनागरीत उतरवून देतो: ४जीबी १आरएक्स१६ पीसी४-२४००टी-यूसी०-११. नवीवर: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए-यूए२-११.

तुकडे पाडून वाचा. "पीसी४" म्हणजे डीडीआर४, दोन्हीकडं तेच, पहिली चाळणी पार. पुढचा आकडा स्पीड: २४०० आणि ३२००. त्याला चिकटलेलं अक्षर टायमिंग सांगतं: २१३३ पुढं पी असेल तर १५, २४०० पुढं टी असेल तर १७, २६६६ पुढं व्ही असेल तर १९, ३२०० पुढं एए असेल तर २२. नंतरचं "यू" म्हणजे साधी डेस्कटॉपची स्टिक. तिथं "एस" असेल तर लॅपटॉपची, "आर" असेल तर सर्व्हरची, "ई" असेल तर चुका दुरुस्त करणाऱ्या ईसीसी जातीची. डीडीआर३ च्या लेबलवर स्पीडच्या जागी मोठा आकडा असतो: पीसी३-१०६०० म्हणजे १३३३, पीसी३-१२८०० म्हणजे १६००. तो आकडा ८ नं भागा, स्पीड मिळतो. डीडीआर४ वरही काही कंपन्या १९२००, २१३००, २५६०० असं छापतात. तेच गणित: २४००, २६६६, ३२००.

यातलं "आर" अक्षर सोडू नका. सर्व्हरमधून काढलेल्या स्टिक ऑनलाइन स्वस्तात मिळतात, १६ जीबी बघितल्यावर तोंडाला पाणी सुटतं. डीडीआर३ आणि डीडीआर४ मध्ये त्या आपल्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसतात. बसतात आणि मशीन चालू होत नाही. ओळखायची खूण अशी: साध्या स्टिकच्या एका बाजूला ८ किंवा ४ सारख्या चिप असतात. ९ दिसल्या तर ती ईसीसी, आणि मधोमध आणखी एक वेगळ्या आकाराची चिप असेल तर सर्व्हरचीच. "टेस्ट केलेली आहे" असं विकणारा खोटं बोलत नसतो, त्यानं ती सर्व्हरवर टेस्ट केलेली असते.

राहिलं "१आरएक्स८" आणि "१आरएक्स१६". आर म्हणजे रँक, प्रोसेसर एका दमात ज्या चिपांशी बोलतो तो गट. शेवटचा आकडा एकेक चिप किती बिट देते ते सांगतो. एका गटाला ६४ बिट जमवायचे असतात, म्हणून एक्स८ च्या चिप ८ लागतात आणि एक्स१६ च्या ४. १आरएक्स१६ ची स्टिक जरा मंद असते, कारण तिच्या चिपांत एकाच वेळी काम चालू ठेवायला आतले कप्पे कमी मिळतात. पण १आरएक्स८ आणि १आरएक्स१६ शेजारी शेजारी चालतात का? चालतात. १आरएक्स८ आणि २आरएक्स८ ही चालतात. वडगावच्या मशीनला त्यामुळं काही अडलं नाही.

रँक आणि चिपांची मांडणी जिथं खरंच अडते ते जुन्या डीडीआर३ मध्ये. इंटेलच्या जुन्या जी४१ चिपसेटचे बोर्ड अजून आपल्याकडं दुकानादुकानांत बिलिंग करतायत. त्यात ४ जीबीची स्टिक घालायची तर तिच्यावर दोन्ही बाजू मिळून १६ चिप हव्यात. आठच चिपांची ४ जीबी स्टिक तिथं चालत नाही, कारण एका चिपेत मावलेली मेमरी त्या चिपसेटला मोजता येत नाही. दुसरा सापळा म्हणजे "फक्त एएमडीसाठी" अशा स्वस्त ८ जीबी डीडीआर३ स्टिक. त्यांवर एक्स४ च्या चिप असतात. जाहिरातीत ही ओळ बारीक अक्षरात असते. इंटेल बोर्डवर त्या उठत नाहीत. त्या काही बिघडलेल्या नसतात, आपण चुकीच्या घरी आणलेल्या असतात.

स्पीड वेगळा असला तर

काही जळत नाही. दोन्ही स्टिक जी हळू आहे तिच्या स्पीडला चालतात. चोर्ला घाटात पुढं ट्रक लागला की मागच्या गाडीचं इंजिन कितीही मोठं असो, ट्रकच्या चालीनंच जावं लागतं, तसं. शिवाय वरची मर्यादा प्रोसेसरची. सातव्या पिढीचा आय५ अधिकृतपणे २४०० पर्यंतच जातो, त्यामुळं ३२०० ची स्टिक एकटी घातली असती तरी २४०० लाच चालली असती. इथं मिक्स केल्यानं काहीच गमावलं नाही. सहावी पिढी २१३३ वर थांबते, आठवी-दहावीचे बहुतेक आय५ २६६६ वर. आपला प्रोसेसर कुठं थांबतो ते बघा, त्याच्या वरचा स्पीड विकत घेण्यात अर्थ नाही. दोन्ही एकाच भावात मिळत असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा वरची घ्या, पुढच्या मशीनला कामी येईल.

टायमिंगचंही बोर्ड बघून घेतो. ३२०० ला २२ असलेली स्टिक २४०० वर आली की तिचं टायमिंगही १७ वर येतं, कारण नॅनोसेकंदात दोन्ही जवळपास सारख्याच आहेत, १४ च्या आसपास. २२ हा आकडा १७ पेक्षा मोठा दिसतो म्हणून घाबरायचं कारण नाही.

अडचण येते ती चमकणाऱ्या गेमिंग स्टिकमध्ये. त्यांच्यावर छापलेला ३२०० किंवा ३६०० हा एक्सएमपीचा आकडा असतो. म्हणजे बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू केलं तर, आणि १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट दिले तर मिळणारा. अशा स्टिकशेजारी साधी घातली आणि एक्सएमपी चालू राहिलं, तर साध्या स्टिकला ते झेपेलच असं नाही. मिक्स करताना एक्सएमपी बंद करूनच सुरुवात करा. सगळं स्थिर चाललं तर मग हौस असेल त्यानं एकेक पायरी चढावी. डीटीपीवाल्यानं ती हौस करू नये.

किती आणि कुठं

प्रोसेसरकडून रॅमकडं जायला दोन वाटा असतात, त्यांना चॅनल म्हणतात. २४०० च्या एका चॅनलमधून सेकंदाला १९.२ जीबी माल जाऊ शकतो, दोन्ही चालू असले तर ३८.४. म्हणून ८ ची एकच स्टिक घेण्यापेक्षा ४ च्या दोन बऱ्या, खास करून ग्राफिक्स कार्ड नसेल तेव्हा. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅममधूनच खातं, त्याला हा फरक जाणवतो. टॅलीवाल्याला जाणवत नाही.

४ आणि ८ अशी विजोड जोडी घातली तर इंटेलचे प्रोसेसर एक बरं करतात: ४ मधले ४ आणि ८ मधले ४ मिळून ८ जीबी दोन्ही वाटांनी चालतात, उरलेले ४ एका वाटेनं. वडगावच्या मशीनला असे १२ जीबी झाले. नव्या ८ च्या जोडीला जे पैसे लागले असते ते वाचले, आणि कोरलची मोठी फाईल उघडी असताना ब्राउझर चालायला लागला. एक ८ ची आणि एक ४ ची असेल तर ४ ची काढून टाकायला मी सांगत नाही.

चार स्लॉटच्या बोर्डात जागा चुकवू नका. दोनच स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बहुतेक बोर्डांना तेच हवं असतं, आणि बोर्डवर बारीक अक्षरात ए२, बी२ असं छापलेलंही असतं. दोन जोड्या असतील, समजा ४-४ आणि ८-८, तर एका रंगाच्या स्लॉटमध्ये एक जोडी, दुसऱ्या रंगात दुसरी. तीन स्टिक असतील, ४, ४ आणि ८, तर ४ च्या दोन्ही एका चॅनलमध्ये आणि ८ एकटी दुसऱ्यात घाला. दोन्हीकडं ८-८ होतात आणि इंटेलवर पूर्ण रॅम दोन्ही वाटांनी चालते. हे फार जणांना माहीत नसतं. ऑफिसच्या डब्यांत स्लॉटचा क्रम कधी कधी वेगळा असतो, झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र चिकटवलेलं असतं ते बघा.

३२ बिटचं विंडोज असेल तर हे सगळं वाया. ते ४ जीबीच्या पुढं वापरतच नाही. आणि मशीनमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर रॅमच्या आधी एसएसडी घाला. रॅम विकायला बसलेला माणूस हे सांगतोय म्हणजे विचार करा.

बसवणं

वायर काढा, मग चालू करायचं बटण दोन-तीनदा दाबा म्हणजे आतला उरलेला करंट जातो. बोर्डवरचा बारका दिवा विझला की हात घाला. लॅपटॉप असेल तर बॅटरीचा कनेक्टर आधी काढा. डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच स्टिक धरा, तीही कडेनं. उन्हाळ्याआधीच्या कोरड्या हवेत अंगातली वीज जास्त असते, पावसात कमी.

पावसाचं दुसरंच असतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यातून पावसाळ्यानंतर येणाऱ्या मशीनमध्ये धूळ आणि ओल मिळून पिनांवर थर बसलेला असतो. नवी रॅम घातल्यावर मशीन उठलं नाही की लोक नव्या रॅमला शिव्या देतात, आणि दोष बहुतेकदा जुनीच्या पिनांचा असतो, कारण ती वर्षानुवर्षांत पहिल्यांदा जागची हललेली असते. साध्या पांढऱ्या खोडरबरानं सोनेरी पिना दोन्ही बाजूंनी हळू पुसा, रबराचा चुरा ब्रशनं काढा, स्लॉटमध्ये पडू देऊ नका. स्लॉटमध्ये ब्लोअर मारा, ओलं फडकं नको.

डीडीआर४ ची खालची कड सरळ नसते, मध्यभागी किंचित फुगलेली असते. म्हणून मधे अंगठा दाबून ती बसत नाही. आधी एक टोक, मग दुसरं, दोन्हीकडं क्लिप लागल्याचा आवाज यायला हवा. काही बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असते, तिथं न हलणारं टोक आधी बसवा.

चालू केल्यावर पहिल्या वेळी वेळ लागतो. मशीन बंद होऊन परत चालू होईल, स्क्रीन काळी राहील. बोर्ड नव्या जोडीशी जुळवून घेत असतो. डीडीआर५ मध्ये तर हे काही मिनिटंही चालतं. त्यातच बटण दाबून बंद करू नका.

नाहीच उठलं तर नवी एकटी घालून बघा, मग जुनी एकटी, मग स्लॉट बदलून. दोन्ही एकट्या चालतात आणि एकत्र चालत नाहीत असं झालं तर बोर्डवरचा नाण्यासारखा सेल पाच-दहा मिनिटं काढून परत घाला, बायोस मूळपदावर येतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या पहिल्या पिढीचे बोर्ड रॅमच्या बाबतीत फार नखरे करायचे. तिथं बायोस अपडेट केल्यावर बरेचदा गाडी रुळावर येते.

चालू झालं म्हणजे झालं नव्हे

मिक्स रॅमचं खरं दुखणं मशीन न उठणं हे नाही. ते लगेच कळतं. दुखणं म्हणजे मशीन उठतं, दोन दिवस बरं चालतं आणि मग गुपचूप फाईल बिघडवतं. झिप उघडताना एरर, कोरलची कालची फाईल आज उघडत नाही, ब्राउझरची टॅब आपोआप पडते, मधेच निळी स्क्रीन येऊन मेमरी मॅनेजमेंट असं काहीतरी लिहून जाते. माणूस व्हायरस समजून विंडोज परत टाकतो. खराब रॅमवर टाकलेलं विंडोजसुद्धा खराबच.

म्हणून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घेऊन मशीन त्यावरून चालू करा आणि रात्रभर सोडा. यूपीएसवर लावा, मधेच लाईट गेली तर पहिल्यापासून. विंडोजचं स्वतःचं मेमरी तपासणीचं साधन आहे, पण ते वरवरचं आहे. सकाळी एकसुद्धा एरर दिसली तर ती जोडी चालणार नाही. "एकच आहे की" असं इथं चालत नाही. एकेक स्टिक वेगळी तपासून कुठली दोषी ते काढा. एकट्या निर्दोष आणि एकत्रच चुकत असतील तर बायोसमध्ये स्पीड एक पायरी खाली आणा, २६६६ वरून २४००, आणि परत रात्रभर. व्होल्टेज वाढवून बघा असा सल्ला यूट्यूबवर मिळतो. तो रोजीरोटीच्या मशीनवर करून बघू नका. ऑफिसच्या डब्यांत तर बायोसमध्ये हे पर्यायच नसतात, तिथं रॅम जुळली तर जुळली, नाहीतर बदला.

तपासणीनंतर विंडोजमध्ये १२ जीबी आणि पुढं ११.९ वापरण्याजोगी असं दिसेल. थोडी रॅम ग्राफिक्सनं घेतलेली असते. पण १२ पैकी ७.९ असं दिसलं तर एक स्टिक नीट बसलेली नाही, किंवा विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगमधल्या बूटमध्ये कमाल मेमरीच्या चौकटीवर कुणीतरी टिक करून ठेवलीय. ती काढा.

मी कुणाला मिक्स करू देत नाही तेही सांगतो. उद्यमबागेतला ड्रॉइंगवाला, जो दिवसभर मोठ्या असेंब्ली उघडून बसतो, त्याला एकाच खोक्यातून आलेली जोडीच. त्याचा एक दिवस बसला तर रॅमच्या भावातला फरक त्यात जातो. आणि डीडीआर५ वर चार स्टिकचा बेत करणारे. रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकना अधिकृत ५२०० मिळतात आणि चार घातल्या की ३६०० वर येतं, सारख्या असल्या तरी. त्यात मिक्स म्हणजे डोकेदुखी विकत घेणं. तिथं आधीच मोठ्या क्षमतेच्या दोन घ्या.

बिल जपून ठेवा आणि डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा: कुठल्या स्लॉटमध्ये कुठली स्टिक, कधी घातली. काढलेली स्टिक टेबलाच्या खणात चाव्या-नाण्यांबरोबर टाकू नका, नवीच्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवा. आणि ती ४ जीबीची डीडीआर३ असून दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असतील तर भंगारात अजिबात देऊ नका. जी४१ चे बिलिंगवाले ती शोधत फिरत असतात, भाव तुम्ही सांगाल तो.